जोडताऱ्यांचा सातबारा

लांजा साधारण १६.९ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. आकाश बघणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर असतो. एखादे टेकाड किंवा आंब्याचे मोठे झाड मध्ये आले की तो गेलाच. पण त्या बदल्यात दक्षिणेचे आकाश भरपूर उघडे मिळते. मेच्या मध्यावर, पाऊस लागण्याआधी, गावाबाहेरच्या एखाद्या कातळसड्यावर रात्री साडेदहा-अकराला उभे राहिले, तर उत्तरेला पन्नासेक अंशांवर सप्तर्षींतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी दिसते. पाठ वळवली की दक्षिणेला, क्षितिजापासून फार तर बारा अंश वर, नरतुरंगातला ‘मित्र’ हा ठळक तारा. दोन्ही जोडतारे. पहिली जोडी आपल्या आज्यांना ठाऊक होती. दुसरी पांडिचेरीत एका पाद्र्याने १६८९ मध्ये दुर्बिणीतून ओळखली. युरोपातल्या नामवंत वेधशाळांना मित्र कधी उगवतानाही दिसत नाही. जोडताऱ्यांच्या नोंदवह्यांमध्ये आपल्या मुलखाला जी जागा मिळाली, तिचे कारण बरेचसे इथे आहे.

नोंदीत काय असते

साध्या ताऱ्यांच्या यादीत ताऱ्याची जागा आणि तेज लिहिले की काम भागते. जोडताऱ्याच्या नोंदीत मुख्य गोष्ट असते ती दोघांमधले नाते. एक तारा मुख्य धरायचा आणि दुसरा त्याच्यापासून किती लांब आहे ते विकलांमध्ये लिहायचे. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. पूर्ण चंद्राची रुंदी भरते सुमारे १८०० विकला. मग दुसरा तारा पहिल्याच्या कोणत्या दिशेला आहे ते लिहायचे. उत्तर शून्य धरून पूर्वेच्या बाजूने मोजत गेलेला हा कोन म्हणजे स्थितिकोन. आणि तिसरी बाब, जिच्यावाचून पहिल्या दोन निरुपयोगी आहेत, ती म्हणजे मोजल्याची तारीख.

तारखेमुळे ही यादी सातबाऱ्यासारखी होते. आजचा उतारा एका पानाचा असतो, पण त्याचा खरा जीव मागच्या फेरफारांत. वसिष्ठाचेच बघा. दुर्बिणीतून हा एकटा तारा पुन्हा दोन होतो: अंतर सुमारे १४.४ विकला, स्थितिकोन सुमारे १५३ अंश. इटलीत बेनेदेत्तो कास्तेल्लीने १६१७ मध्ये ही जोडी पाहिली. इतक्या काळात आकडे जवळजवळ हललेले नाहीत, म्हणजे हे दोघे एकमेकांभोवती फिरत असलेच तर हजारो वर्षांच्या गतीने. एखाद्या जोडीत मात्र ऐंशी वर्षांत अख्खी प्रदक्षिणा होते. कोणती जोडी संथ आणि कोणती चपळ, हे एका रात्रीत कधीच कळत नाही. म्हणून माझ्या मते या शास्त्रात हुशारीपेक्षा टापटीप अधिक मोलाची ठरली आहे.

शेजारी की सोयरे

दोन तारे जवळ दिसले म्हणजे ते खरोखर जवळ असतीलच असे नाही. एक पुढे, दुसरा कितीतरी मागे, आणि आपल्या दृष्टिरेषेत योगायोगाने एका ओळीत, असेही होते. अठराव्या शतकात बहुतेकांचा समज असाच होता. १७६७ मध्ये जॉन मिचेल या इंग्लिश धर्मोपदेशकाने शक्याशक्यतेचे गणित मांडून दाखवले, की निव्वळ योगायोगाने इतक्या जोड्या दिसणे अशक्यप्राय आहे. यांतल्या बऱ्याच जणांचे नाते खरे असले पाहिजे.

पुरावा मिळायला मात्र छत्तीस वर्षे लागली, आणि तोही भलत्याच उद्योगातून. विल्यम हर्शेल ताऱ्यांची अंतरे काढण्याच्या खटपटीत होता. जवळचा तारा मागच्या ताऱ्याच्या संदर्भात वर्षभरात किंचित सरकेल, तेवढे मोजले की झाले, हा त्याचा बेत. त्यासाठी त्याने जोड्या हुडकायला घेतल्या. १७८२ च्या यादीत २६९ आणि १७८५ च्या यादीत ४३४. पंचवीस वर्षांनी जुने आकडे काढून नवे मोजले तेव्हा काही जोड्यांची दिशाच बदललेली होती. १८०३ मध्ये त्याने जाहीर केले की हे तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक होता आपल्या पुनर्वसूंपैकी कॅस्टर. अंतर काढायचे राहून गेले. पण न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरही चालतो याची पहिली साक्ष हाती आली. १८२७ मध्ये फ्रान्सच्या फेलिक्स साव्हारीने सप्तर्षी तारकासमूहातल्या एका जोडीची कक्षा गणिताने काढून दाखवली. सुमारे साठ वर्षांची.

हर्शेलच्याही आधी, १७७९ मध्ये, मानहाइमच्या क्रिस्टियन मायर या जेझुइट पाद्र्याने अशा जोड्यांची छोटी यादी केली होती. तेव्हा तिची टिंगल झाली.

कोळ्याचा धागा

एकोणिसाव्या शतकात हे काम पद्धतशीर केले ते फ्रीडरिश गेओर्ग विल्हेल्म स्ट्रूव्ह याने. डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातले टार्टू, तिथे त्याला फ्राउनहोफरने घडवलेली २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण मिळाली. सुमारे १,२०,००० तारे एकेक करून तपासून त्याने १८२७ मध्ये ३११२ जोड्यांची यादी छापली. वसिष्ठाच्या नोंदीपुढे आजही त्याच्या नावाची खूण असते: एसटीएफ १७४४.

मोजायचे साधन होते सूक्ष्ममापक. दुर्बिणीच्या नेत्रिकेत कोळ्याच्या जाळ्याचे बारीक धागे ताणून बसवलेले. एक धागा स्थिर आणि दुसरा बारीक आट्यांच्या स्क्रूने सरकणारा. स्थिर धागा एका ताऱ्यावर, सरकता धागा दुसऱ्यावर, आणि स्क्रूचे फेरे मोजून अंतर. चौकट फिरवून धागा दोन्ही ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेत आणला की बाजूच्या वर्तुळावर स्थितिकोन वाचायचा. हे सगळे अंधारात, तारा थरथरत असताना, तेही एकेका जोडीसाठी अनेक रात्री. मान अवघडणे हा या व्यवसायाचा कायमचा आजार असणार.

डोर्पाट ५८ अंश उत्तरेला. तिथून दक्षिणेचे मोठे आकाश कधी वर येतच नाही. ती उणीव विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याने भरून काढली. १८३४ ते १८३८ केप ऑफ गुड होपला राहून त्याने दक्षिणेच्या दोन हजारांवर जोड्या नोंदल्या आणि तो इंग्लंडला परतला. एकदा नोंदलेली जोडी पुन्हा मोजली गेली नाही, तर सातबारा तिथेच थांबतो. आणि दक्षिणेकडे पुन्हा मोजणारे फारच थोडे होते.

पुण्यातला इंजिनिअर

या थोड्यांपैकी एक माणूस पुण्यात होता. विल्यम स्टीफन जेकब, जन्म १८१३, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स दलातला अधिकारी. १८३१ मध्ये मुंबईत उतरला आणि काही वर्षे मोजणी खात्याच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात होता. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. पुढे कंपनीची नोकरी सोडली आणि आकाशालाच लागला. त्याच्याकडे होती डॉलंड कंपनीची पाच फुटी दुर्बीण, ताऱ्याच्या चालीबरोबर फिरवता येईल अशा बैठकीवर बसवलेली.

नोव्हेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४८ या काळात त्याने पुण्यातून २४४ जोडताऱ्यांची मोजमापे घेतली आणि ती यादी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवली. स्ट्रूव्हच्या हजारांपुढे हा आकडा लहान वाटेल. पण पुणे १८.५ अंशांवर आहे. स्ट्रूव्हचे उत्तरेकडचे तारे आणि हर्शेलचे दक्षिणेकडचे तारे, दोन्ही एकाच दुर्बिणीतून मोजता येतील अशी ही जागा. मोजणारा हात एकच असला की दोन याद्यांतल्या आकड्यांचा मेळ घालणे सोपे जाते. काही प्रसिद्ध जोड्यांच्या कक्षाही त्याने गणिताने काढल्या.

१८४७ मधले त्याचे एक निरीक्षण बारकाईने पाहण्यासारखे आहे. वृश्चिकेत, अनुराधा नक्षत्राच्या वरच्या ताऱ्याशेजारी, ‘न्यू स्कॉर्पी’ हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना एक. लहान दुर्बिणीत दोन, ४१ विकलांच्या अंतराने. हे आधीच माहीत होते. जेकबला पुण्यातून दिसले की त्यातला मंद ताराही एकटा नाही, जेमतेम दोन-अडीच विकलांवर त्याला आणखी एक चिकटलेला आहे. दोनाचे तीन झाले. पुढे ठळक ताराही दुहेरी निघाला आणि मग ज्या जोड्या दुर्बिणीत फुटतच नाहीत त्याही प्रकाशाच्या पृथक्करणातून कळल्या. आज या एका ठिपक्यात सात तारे धरले जातात.

डिसेंबर १८४८ पासून १८५९ पर्यंत जेकब मद्रास वेधशाळेचा प्रमुख होता. तिथे असताना, १८५५ मध्ये, त्याने एक धाडसी दावा केला. भुजंगधारी तारकासमूहातली ‘७० ऑफियुकी’ ही जोडी गणिताने सांगितलेल्या वाटेवरून चालत नाही, इकडेतिकडे चुकते. तेव्हा तिथे एखादा न दिसणारा ग्रह तिला ओढत असावा, असे त्याने लिहिले. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापांवर आधारलेला हा अगदी सुरुवातीचा दावा. तो टिकला नाही. चूक जोडीच्या चालीत नव्हती, मोजमापांत होती. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह पक्का ठरायला १९९५ साल उजाडले. तरी मला जेकबचा हा प्रयत्न फुकट गेलेला वाटत नाही. विचाराची दिशा अचूक होती, अपुरी होती ती दुर्बीण.

त्याची खरी हळहळ वेगळीच आहे. पुण्याजवळ डोंगरावर, धुळीच्या आणि दाट हवेच्या वर, वेधशाळा बांधावी ही त्याची योजना होती. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तिच्यासाठी १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली होती. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला आणि पुण्यात पोहोचल्यावर १६ ऑगस्ट १८६२ रोजी वारला. वय अठ्ठेचाळीस. योजना त्याच्याबरोबरच संपली. डोंगरमाथ्यावरची कायमस्वरूपी पहिली वेधशाळा म्हणून आज कॅलिफोर्नियातल्या लिकचे नाव घेतात. ती सुरू झाली १८८८ मध्ये. योगायोग असा की पुढे जोडताऱ्यांच्या कामाची राजधानीही लिकच झाली.

पुण्याने दुर्बीण सोडली नाही. १८८८ मध्ये तिथे भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या नावाची वेधशाळा झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. पण त्यांचा ओढा सूर्याकडे आणि वर्णपटांकडे होता. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

भारतातून गेलेल्या आणखी दोन नोंदी

पांडिचेरीचा पाद्री म्हणजे झां रिशो हा फ्रेंच जेझुइट. डिसेंबर १६८९ मध्ये तो एक धूमकेतू पाहत होता. दुर्बीण मित्रावर गेली आणि तारा दोन झाला. आज जोडताऱ्यांच्या वॉशिंग्टन संग्रहात (त्याची गोष्ट पुढे येईलच) मित्राची ओळख ‘आरएचडी १’ अशी आहे. रिशोच्या नावाने पहिली नोंद.

दुसरी नोंद ज्येष्ठा नक्षत्राची. तांबूस, ठसठशीत ज्येष्ठेला जेमतेम अडीच-पावणेतीन विकलांवर एक हिरवट भासणारा सोबती आहे, पण ज्येष्ठेच्या झगमगाटात तो बुडून जातो. १८१९ मध्ये व्हिएन्नात चंद्राने ज्येष्ठेला झाकले, तेव्हा तारा एका झटक्यात न येता दोन टप्प्यांत बाहेर आला आणि योहान ब्युर्गला शंका आली. प्रत्यक्ष वेगळा तारा म्हणून तो पाहिला बंगाल सनदी सेवेतल्या जेम्स विल्यम ग्रँटने, जुलै १८४४ मध्ये, भारतातून. युरोपात ज्येष्ठा क्षितिजाला घासत जाते. आपल्याकडे ती चांगली वर येते. नोंदीचे नाव: ‘जीएनटी १’.

तारा तोलायचा कसा

एवढी खटपट कशासाठी, असे कोणीही विचारेल. उत्तर एका शब्दात देता येते: वजन. एकट्या ताऱ्याचे वस्तुमान थेट मोजायला सहसा काही मार्गच नसतो. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर मात्र ते केप्लरच्या नियमातून निघते.

मित्राचे उदाहरण करून बघू. दोघे ७९.९ वर्षांत एक प्रदक्षिणा करतात. कक्षेची सरासरी त्रिज्या आपल्याला दिसते १७.६ विकलांची. मित्राचे लंबन, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेमुळे त्याचे भासणारे सरकणे, ०.७५ विकला. १७.६ ला ०.७५ ने भागले की येतात साधारण २३.५, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या इतकी पट ते दोघे परस्परांपासून लांब. आता २३.५ चा घन करा: १२,९७८. ७९.९ चा वर्ग करा: ६,३८४. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर २.०३. दोघांचे मिळून वस्तुमान दोन सूर्यांहून किंचित जास्त.

दहावीच्या विद्यार्थ्याला वहीच्या कोपऱ्यात करता येईल इतके हे सोपे आहे. अवघड होते ते ७९.९ आणि १७.६ हे दोन आकडे मिळवणे. एवढी कक्षा एका माणसाच्या हयातीत पुरी होत नाही. ताऱ्यांच्या जन्म-मरणाचे जे काही शास्त्र पुस्तकांत आहे, त्याच्या मुळाशी अशाच तोललेल्या जोड्या आहेत.

लिकपासून गैयापर्यंत

नंतरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. शिकागोच्या कोर्टातला लघुलेखक शेर्बर्न बर्नहॅम दिवसा साक्षी उतरवून घ्यायचा आणि रात्री सहा इंची दुर्बिणीतून जोड्या शोधायचा. तेराशेवर नव्या जोड्या त्याच्या नावावर आहेत. १९०६ मध्ये त्याने १३,६६५ जोड्यांचा एकत्रित संग्रह छापला. लिकच्या रॉबर्ट एटकिनने १९३२ मध्ये तो १७,१८० वर नेला. १९६० च्या दशकात लिकमधली सगळी सामग्री वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेकडे गेली आणि तिथे तयार झाला वॉशिंग्टन जोडतारा संग्रह, खगोलवाल्यांच्या बोलण्यातला ‘डब्ल्यूडीएस’. त्यात आज दीड लाखाहून अधिक जोड्या आहेत. प्रत्येकीची ओळख तिच्या जागेवरून बनवलेली: वसिष्ठ १३२३९+५४५६, मित्र १४३९६−६०५०. पहिले पाच अंक विषुवांशाचे, म्हणजे आकाशातल्या पूर्व-पश्चिम जागेचे, पुढचे चार क्रांतीचे, म्हणजे उत्तर-दक्षिण जागेचे. उणे चिन्ह म्हणजे दक्षिण.

मग आले युरोपचे गैया यान. त्याच्या मोजमापांतून २०२१ मध्ये एकाच वेळी सुमारे तेरा लाख जोड्यांची यादी निघाली. माणसाने डोळा लावून चारशे वर्षांत जे जमवले ते यापुढे मूठभर वाटते. पण गैयाची वही २०१४ पासूनची. ऐंशी किंवा चारशे वर्षांची कक्षा काढायची तर १८४७ चा पुण्याचा आकडा गैया देऊ शकत नाही.

दुर्बिणीलाही न फुटणारे

चित्रा हा तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतून पाहा, एकच दिसतो. १८९० मध्ये जर्मनीच्या हेर्मान फोगेलला तिच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा कधी निळ्याकडे, कधी तांबड्याकडे सरकताना दिसल्या. म्हणजे तारा कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो. तेव्हा तिथे दोन तारे आहेत आणि ते चार दिवसांत एक फेरी मारतात. वसिष्ठाच्या दोन्ही ताऱ्यांचेही पुन्हा असेच दोन-दोन तारे आहेत, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद लाल सोबती सापडला. म्हणजे लग्नात दाखवायची ती जोडी प्रत्यक्षात सहा जणांची. पुनर्वसूंपैकी कॅस्टरही सहा ताऱ्यांचा. शेतकऱ्याचे पुनर्वसू नक्षत्र लागते तेव्हा सूर्यच तिथे असतो, त्यामुळे ते तारे पाहायचे तर जानेवारी-फेब्रुवारीच बरे.

लांज्याहून

आपल्याकडे हंगाम ऑक्टोबर ते मे. सुरुवात ऑक्टोबरात अल्बिरिओने करावी. हंसाच्या चोचीतला हा तारा संध्याकाळी सातला डोक्यावर असतो. लहान दुर्बिणीतही एक सोनेरी आणि एक निळसर असे दोन तारे स्वच्छ सुटतात, मध्ये ३४.५ विकला. हे दोघे खरे सोयरे आहेत की नुसते शेजारी, हा वाद गैयानंतरही मिटलेला नाही. अभिजिताशेजारी स्वरमंडलातला ‘एप्सिलॉन’ तीक्ष्ण नजरेला दोन दिसतो आणि चांगल्या दुर्बिणीत चार.

दुर्बिणीची कुवत आधीच काढता येते. ११६ ला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की किती विकलांपर्यंतची जोडी फुटेल ते कळते. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला जेमतेम दोन विकला. मित्राचे दोघे २०१६ च्या आसपास चार विकलांपर्यंत जवळ आले होते, आता ते पुन्हा लांब जात आहेत. तेव्हा लहान दुर्बिणीलाही ते जमावेत. अडचण उंचीची आहे. बारा अंशांवर हवेचा जाड थर आडवा येतो आणि तारा उकळल्यासारखा हलतो. मेच्या मध्यावर तो साडेअकराच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत वर येतो, तीच वेळ साधावी. उशिराचा आणखी एक फायदा असा की दिवसभर तापलेला कातळ तोवर बराच निवलेला असतो. संध्याकाळी त्यावरून उठणारी गरम हवा चांगल्या दुर्बिणीचीही माती करते. हायवेचे दिवे पाठीमागे राहतील असा सडा निवडावा. थंडीत भिंगावर दव धरते, त्याला जाड पुठ्ठ्याची लांब नळी पुरते.

मोजमाप करायचे असेल तर महागडा सूक्ष्ममापक लागत नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावून चित्रफीत घ्यायची आणि मध्येच दुर्बीण चालवणारी मोटर बंद करायची. पृथ्वीच्या फिरण्याने तारा चौकटीतून सरळ पश्चिमेला सरकत जातो. त्याने आखलेली रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम, तिच्यावरून स्थितिकोन. आणि सरकण्याचा वेग माहीत असतो: खगोलीय विषुववृत्तावरच्या ताऱ्याचा सेकंदाला पंधरा विकला, अल्बिरिओचा सुमारे १३.३. त्यावरून चित्रातला एक ठिपका किती विकलांचा ते ठरते. प्रसिद्ध जोड्या शेकडो जणांनी मोजल्या आहेत. वॉशिंग्टनच्या संग्रहात दुर्लक्षित जोड्यांच्या वेगळ्या याद्या आहेत, त्यात वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेल्या जोड्या मिळतात. त्यांतल्या दक्षिणेकडच्या निवडाव्यात. हौशी लोकांची मोजमापे छापणारे जोडताऱ्यांचे खास इंग्रजी नियतकालिकही २००५ पासून निघते. एका जोडीसाठी काही वेगवेगळ्या रात्रींची सरासरी घ्यायची, आणि तारीख दशांशात द्यायची: १५ मे २०२५ ची रात्र तिथे २०२५.३७ अशी लिहितात.